जागा सोडायची नाही

विकायच्या सामानाचे फोटो काढताना खुर्चीचा फोटो मी सगळ्यात शेवटी काढला. फ्रिज झाला, वॉशिंग मशीन झालं, पुस्तकांची कपाटं झाली, आईचं वह्या तपासायचं टेबल झालं. मग दिवाणखान्यात खिडकीपाशी ती एकटीच उरली. सागवानी हात, वेताची बैठक, उंच पाठ. केरळला परत निघालेल्या एका कुटुंबाकडून आम्ही ती घेतली होती. मस्कतमध्ये सामान असंच फिरतं. माणूस जातो आणि त्याची खुर्ची दुसऱ्याच्या घरात राहते. फोटोत खुर्चीमागची खिडकी आली, खिडकीत अल् खुवैरच्या इमारती आणि त्यांच्या पाठीमागचे ते काळे, एकही झाड नसलेले डोंगर. मी फोटो पाहिला आणि विक्रीच्या ग्रुपवर टाकला नाही.

आई या महिन्यात शाळेतून निवृत्त होतेय. नोकरी संपली की व्हिसा संपतो, व्हिसा संपला की घर. ती पुण्याला जाईल. मी पंधरा दिवसांची रजा काढून आवराआवर करायला आले आहे. जून आहे, खिडकीच्या काचेला हात लावला तर चटका बसतो. दिवसभर एसी घुमतो आणि आम्ही दोघी एकमेकींशी कमी बोलत खोकी भरतो.

काल फ्रिज पुढे ओढला तेव्हा मागे एक कागद सापडला. दिनदर्शिकेच्या पानाची कोरी बाजू, तिच्यावर बाबांनी पट्टीने आखलेल्या रेघा. डावीकडे पुष्कळ नावं, उजवीकडे जाताना निम्मी, मग निम्म्याची निम्मी. आडवं पाडलेलं झाड असावं तसा तो तक्ता. हरलेल्या नावांवर लाल पेन्सिलीची रेघ. बाबांची रेघ नेहमी एकदाच आणि सरळ असे, खाडाखोड नाही. उपांत्य सामन्यापुढचे रकाने मात्र कोरे आहेत.

कागदाला लसणाचा वास येतोय असं मला वाटलं. पाच वर्षांनी असा वास उरत नाही, हे मला कळतं.

तो आयर्लंडचा खेळ होता, गेलिक फुटबॉल. समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या शॉनकाकांमुळे तो आमच्या घरात आला. शॉनकाका इथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. उंच, वाकलेले, एकटे. साथीच्या पहिल्या महिन्यांत सगळे घरात कोंडले गेले तेव्हा संध्याकाळी गच्चीवर फक्त दोन माणसं फेऱ्या मारायची, एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला बाबा. काही आठवड्यांनी ते दोघं मधे भेटू लागले, अंतर राखून. कॉलेज बंद पडल्यामुळे मी पुण्याहून परत आले होते. गच्चीवरून खाली येताना बाबा रोज त्या खेळाबद्दल काहीतरी नवं ऐकून यायचे.

चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण चार पावलांच्या आत तो जमिनीवर आपटायचा किंवा पायाने उडवून परत हातात घ्यायचा. खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांड्यावरून चेंडू गेला तर एक गुण आणि पांढरं निशाण. खालून जाळ्यात गेला तर तीन गुण आणि हिरवं. खेळणारे कुणी पगारी नाहीत. कुणी शाळामास्तर, कुणी गाईगुरं पाळणारा, कुणी वायरमन. आणि ज्या जिल्ह्यात तुमचं घर, त्याच जिल्ह्याकडून तुम्ही खेळायचं. शॉनकाका त्याला काउंटी म्हणायचे. तीस वर्षं परदेशात काढली तरी माणसाची काउंटी बदलत नाही, असं ते म्हणाले होते.

एरवी या काउंट्यांच्या वार्षिक स्पर्धेत हरलेल्या संघाला मागच्या दाराने परत यायची एक संधी असते. त्या वर्षी साथीमुळे दिवस कमी होते म्हणून ते दार बंद केलं होतं. उन्हाळ्यातला खेळ हिवाळ्यावर गेला. एक सामना हरला की घरी. आणि मैदानात प्रेक्षक कुणी नाही.

पहिल्या सामन्याच्या शनिवारी शॉनकाकांचं इंटरनेट बंद पडलं. लॅपटॉप काखेत मारून ते आमच्या दारात उभे राहिले. बाबांनी त्यांना सोफ्यावर बसवलं, लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि स्वतः खिडकीपाशी या खुर्चीत बसले. मी जमिनीवर कपाटाला टेकून पुस्तक वाचत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ताटलीत लसूण सोलत होती.

मला अजून त्या मैदानाचं पहिलं दृश्य दिसतं. दुपारीच दिवे लावलेले, धुकं, ओलं हिरवं गवत, आणि भोवती हजारो रिकाम्या खुर्च्या. खेळाडूंच्या हाका त्या खुर्च्यांवर आपटून परत यायच्या. खांबांपाशी पांढरे लांब कोट घातलेली दोन माणसं उभी होती.

आईने विचारलं, "ते डॉक्टर कशाला उभे केलेत तिथे?"

ते पंच आहेत, गुण झाला की निशाण दाखवतात, असं शॉनकाकांनी सांगितलं. पण आमच्या घरात ते शेवटपर्यंत डॉक्टरच राहिले.

शॉनकाकांची काउंटी हरत होती. शेवटच्या दहा मिनिटांत कसं कोण जाणे, ती जिंकली. बाबा खुर्चीतल्या खुर्चीत टाळ्या वाजवत म्हणाले, पुढच्या सामन्याला सगळ्यांनी इथेच बसायचं, जागा सोडायची नाही. क्रिकेट बघत वाढलेल्या कुठल्याही मराठी घरात हे शिकवावं लागत नाही. जो जिथे बसलेला असताना विकेट पडली त्याने तिथून हलायचं नाही, पाणी प्यायला नाही आणि मोरीला नाही. माझा काका एक अख्खा सामना जिन्यात उभा होता, कारण तो चप्पल काढत असताना षटकार बसला होता. शॉनकाकांना हे समजावून सांगावं लागेल असं आम्हाला वाटलं, पण ते गंभीरपणे म्हणाले की त्यांच्या वडिलांची एक न धुतलेली टोपी होती.

मग ठरलंच. दुसऱ्या सामन्याला तेच चौघे, त्याच चार जागा. मी हातात तेच पुस्तक धरलं, जरी ते वाचून संपलं होतं. घरात लसूण सोललेला होता, तरी आईला आणखी सोलावा लागला. त्या मोसमात आमच्याकडे लसणाच्या चटणीच्या बरण्याच बरण्या झाल्या. जिन्यातल्या प्रत्येक घरी एकेक गेली. बाबा म्हणायचे, आयर्लंडच्या बचावफळीत सगळ्यात भक्कम कोण असेल तर आमची ही.

इथवर हा खेळच होता. खेळाचं दुसरं काही केव्हा झालं, ते मला नेमकं सांगता येणार नाही.

शॉनकाकांच्या आई त्यांच्या काउंटीतल्या एका वृद्धाश्रमात होत्या. भेटायला कुणाला आत सोडत नव्हते; शॉनकाकांना तर विमानच नव्हतं. फोनवर त्या सांगायच्या, आज समोरच्या खोलीतली गेली, काल शेजारची. खोल्यांची दारं बंद होत होती आणि त्या ती मोजत होत्या. एकदा त्या मुलाला म्हणाल्या, काउंटी आहे तोवर मी आहे. शॉनकाकांनी त्यांचं मन रमवायला आमच्या बैठकीची गोष्ट सांगितली. ओमानमध्ये एक गृहस्थ आहेत, ते सामना संपेपर्यंत खुर्ची सोडत नाहीत. म्हातारीला ते फार आवडलं. त्यानंतर प्रत्येक सामन्याआधी तिचा फोन यायचा आणि ती विचारायची, तो माणूस बसला का?

बाबा दर वेळी खुर्चीतूनच मोठ्याने म्हणायचे, "बसलोय, मॅडम."

बाबांची आई गेली तेव्हा बाबा सोहारच्या कारखान्यात होते. तिकीट, सुट्टी, सही, शिक्का. ते पोचले तेव्हा घरात फक्त दिवा होता. याबद्दल ते कधी बोलले नाहीत. पण शॉनकाकांचा फोन वाजला की ते खुर्चीत सरळ होऊन बसायचे, आणि मग ते गंमत म्हणून बसत नव्हते हे मला दिसायचं.

नोव्हेंबरमध्ये मस्कतची हवा बदलते. एसी बंद होतात, खिडक्या उघडतात, हमरस्त्याचा आवाज घरात येतो, आणि संध्याकाळी कुणाच्या तरी घरातला लोबानाचा धूर जिन्यात रेंगाळतो. त्या महिन्यात दर शनिवारी तक्त्यावर लाल रेघा वाढत गेल्या. बाबा आठवडाभर सोहारच्या औद्योगिक वसाहतीत राहायचे, गुरुवारी संध्याकाळी यायचे. त्या दिवसांत त्यांना यायला उशीर होऊ लागला. वाटेत खाबुऱ्याला थांबलो होतो, म्हणायचे. आणि हातात पिशवी असायची: लिंबं, पपया, छोटी गोड केळी. आई म्हणायची, एवढी लिंबं काय करू मी? बाबा म्हणायचे, अगं, ताजी दिसली. दर गुरुवारी पिशवी मोठी होत गेली. एकदा ती त्यांनी जिन्यात दोनदा खाली ठेवली. मी वर कठड्याशी उभी होते, मी पाहिलं. लिंबांचं ओझं असतं, असं मला वाटलं.

उपांत्य सामना डिसेंबरात आला. चार संघ उरले होते. फोन आला, म्हातारीने विचारलं, बाबांनी उत्तर दिलं. त्यांचा आवाज जरा खाली होता. त्यांनी स्वेटर घातला होता आणि कपाळावर घाम होता. हे दोन्ही मी एकाच नजरेत पाहिलं आणि पुस्तकात तोंड घातलं.

काउंटी एका गुणाने पुढे होती. धुकं इतकं की दूरचे खांब दिसत नव्हते. पांढरे कोट तेवढे तरंगल्यासारखे दिसायचे. शॉनकाका दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. लसणाचा वास सगळीकडे. तेवढ्यात बाबा डावा खांदा चोळत, अगदी सहज म्हणाले, "मी जरा आत जाऊन पडू का?"

मी मान वर न करता म्हटलं, "पंधराच मिनिटं राहिलीत, बाबा. जागा सोडायची नाही."

ते हसले. "बरं बाई," म्हणाले, आणि मागे टेकले.

ती पंधरा मिनिटं मला पाठ आहेत. चेंडू दोनदा दांड्याला लागला. एक खेळाडू गवतावर पडला आणि बराच वेळ उठला नाही. मशिदीतून बांग झाली. खुर्चीचा वेत एकदा करकरला. शिट्टी वाजली तेव्हा काउंटी एकाच गुणाने पुढे होती. शॉनकाका उठून भिंतीकडे तोंड करून रडू लागले आणि त्यांचा फोन वाजायला लागला. बाबा दोन्ही हातांवर जोर देऊन सावकाश उभे राहिले. जाता जाता त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात गार होता. मग ते आतल्या खोलीत गेले.

आई जेवायला हाक मारायला गेली ती परत आली नाही.

त्यापुढचं मी लिहीत नाही. अंतिम सामना आमच्याकडे कुणी पाहिला नाही. काउंटी वाईट हरली, असं पुढे कधीतरी कळलं. आम्ही सगळे म्हातारीच्या खोलीच्या ज्या दाराकडे डोळे लावून बसलो होतो, ते बंदच झालं नाही. म्हातारीला लस मिळाली, वसंत आला, लोक खिडकीतून तिला भेटू लागले. ती आज नव्वदीच्या पुढे आहे.

आणि बाबा गेल्याचं शॉनकाकांनी तिला सांगितलेलं नाही. पहिल्या वर्षी मला त्याचा राग यायचा. स्पर्धा परत उन्हाळ्यावर गेली, मागचं दार परत उघडलं, पण दर मोसमात ती विचारतेच: तो माणूस बसला का? आणि ते सांगतात, बसला. पाच वर्षं बाबा या खुर्चीत बसलेलेच आहेत. त्यांना तिथे बसवणारी मी, हे शॉनकाकांना ठाऊक नाही. त्यांना मराठी येत नाही. पण आई दारात उभी होती, आणि आईने मला कधी काही विचारलं नाही. तिच्या त्या न विचारण्याची मला या घरात पाय ठेवताना भीती वाटते. पुण्यात फोन वाजला आणि तिचं नाव दिसलं की वाटतं, आज विचारेल.

आज संध्याकाळी इब्राहिमभाई पिकअप घेऊन आले. मूळचे राजापूरकडचे, खाबुऱ्यात त्यांचं फळांचं आणि किराणाचं दुकान आहे. बाबा लिंबं त्यांच्याकडूनच घ्यायचे. आई अजून त्यांच्याकडून आंबे मागवते. त्यांना फ्रिज हवा होता. शॉनकाका हात द्यायला आले. फ्रिज खाली गेला. मग इब्राहिमभाईंनी खुर्चीकडे पाहिलं आणि आईला विचारलं, "भाभी, ही पण द्यायची काय?"

आई म्हणाली, द्यायची.

मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. इब्राहिमभाई बोलायचं म्हणून बोलत होते. "तुमचे बाबा माझ्या दुकानासमोर गाडी लावायचे. सीट मागं करून पडायचे, अर्धा अर्धा तास. मी बोललो, साहेब, डॉक्टरला दाखवा. बोलले, हा, बघतो. आन् जाताना लिंबं घेऊन जायचे. बोलायचे, उशीर का झाला ते घरी दाखवायला काहीतरी पाहिजे."

आईच्या हातातली दोरी तशीच राहिली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

तेव्हाच शॉनकाकांचा फोन वाजला. आज काउंटीचा सामना आहे, मला आठवण नव्हती. त्यांचे हात धुळीने भरलेले होते म्हणून त्यांनी फोन तसाच टेबलावर ठेवून स्पीकरवर सुरू केला. म्हातारीचा चिरका आवाज रिकाम्या दिवाणखान्यात घुमला. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदाच एवढा स्पष्ट ऐकत होते.

"तो माणूस बसला का?"

शॉनकाकांनी तोंड उघडलं. त्यांच्याआधी आई बोलली, वर्गात बोलते त्या सावकाश इंग्रजीत. "नाही. ते गेले. पाच वर्षं झाली. मी त्यांची बायको बोलतेय."

पलीकडे कुठेतरी भांडं वाजलं. मग म्हातारीने विचारलं, "मग मी इतकी वर्षं कुणाच्या भरवशावर बसलेय?"

शॉनकाका फोन उचलून जिन्यात गेले. दाराआडून त्यांचा हलका आवाज येत राहिला, एखाद्या मुलाने कबुली द्यावी तसा. इब्राहिमभाईंना अर्धं कळलं असावं. ते आणखी दोरी घेतो म्हणून खाली गेले.

मी म्हटलं, "आई, त्या दिवशी बाबा उठत होते."

"माहितीय."

"मी म्हटलं त्यांना..."

"ऐकलं होतं मी," आई म्हणाली. "मी काही लांब नव्हते. चार पावलांवर होते, लसूण सोलत. त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. मलाही वाटलं, पंधराच तर मिनिटं."

ती स्वयंपाकघराच्या त्याच दारात उभी होती. पाच वर्षांत मी तिला त्या चौकटीत थांबलेलं पाहिलं नव्हतं. ती तिथून नेहमी भरभर जायची. तेव्हापासून घरात लसूण आणलेला मला आठवत नाही, हेही मला आत्ता कळलं. मी तिची भीती धरून पुण्याला राहिले. ती माझी भीती धरून इथे राहिली.

इब्राहिमभाई दोरी घेऊन वर आले. खुर्चीची एक बाजू त्यांनी धरली, दुसरी मी. ती वाटली होती त्याहून हलकी होती. जिन्यात मला ती दोनदा खाली ठेवावी लागली.

पिकअपमध्ये तिला फ्रिजला टेकवून उभीच बांधली. गाडी हमरस्त्याला लागेल, मग बातिना किनाऱ्याचा तो सरळ लांब रस्ता, आणि अंधार पडेपर्यंत खाबुरा. दुकानासमोर सावलीला ठेवतो, इब्राहिमभाई म्हणाले, कुणी थकलाभागला आला तर बसेल.

वर आले तेव्हा गालिच्यावर खुर्चीच्या पायांचे चार खोल खड्डे होते. आई त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली होती, बाबांचा तो कागद पुढ्यात घेऊन. लाल पेन्सिल कुठल्याशा खोक्यात गेली होती. तिने तपासणीचं लाल पेन काढलं आणि उपांत्य सामन्यापुढच्या रकान्यात, पाच वर्षांनी, जिंकलेल्या काउंटीचं नाव लिहिलं. शेवटचा रकाना तिने तसाच ठेवला.

"उठ," मला म्हणाली, जरी मी उभीच होते. "आता उठ."